अपारंपरिक कृष्णद्रव्य

अपारंपरिक कृष्णद्रव्य ही विश्वरचनाशास्त्रातील एक संज्ञा आहे. विश्वाच्या प्रसरणासंबंधीची कोडी सोडविण्यासाठी कृष्णद्रव्याला नेहमीच्या गृहीतकांपेक्षा वेगळे गुणधर्म देणाऱ्या प्रतिमानांसाठी ती ढोबळपणे वापरली जाते. प्रचलित मतानुसार कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा हे विश्वाचे दोन स्वतंत्र घटक आहेत. कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकवटते व दीर्घिकांना बांधून ठेवते, तर कृष्णऊर्जा सर्वत्र सारखी पसरलेली असून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढविते. अपारंपरिक प्रतिमानांपैकी काहींमध्ये हे दोन्ही घटक एकाच मूळ पदार्थाची दोन रूपे मानले जातात. काहींमध्ये कृष्णद्रव्याचा हळूहळू क्षय होतो, तर काहींमध्ये कृष्णऊर्जेची गरजच नाकारली जाते.

प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनुसार विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के भाग सामान्य द्रव्याचा, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्याचा आणि सुमारे ६८ टक्के कृष्णऊर्जेचा आहे. म्हणजे विश्वाच्या ९५ टक्के भागाचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामांवरून अनुमानिले गेले आहे. तो भाग कशाचा बनलेला आहे हे कोणत्याही प्रयोगशाळेत अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यामुळे पर्यायी स्पष्टीकरणांचा शोध हा या विषयाचा आवश्यक भाग ठरतो. या शोधात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका) यांच्याशी संबंधित शास्त्रज्ञांचा लक्षणीय वाटा आहे.

पार्श्वभूमी

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या गतींचा अभ्यास केला. त्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली. सूर्यमालेत दूरचे ग्रह जवळच्या ग्रहांपेक्षा मंद गतीने फिरतात. परंतु देवयानीच्या बाह्य भागातील द्रव्याची गती तशी कमी होताना आढळली नाही. पुढे अनेक दीर्घिकांबाबत हेच दिसून आले आणि दीर्घिकांभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचे मोठे आवरण असावे, हे मत रूढ झाले.

दुसरे कोडे १९९८ साली समोर आले. ‘एक-ए’ प्रकारच्या अतिनवताऱ्यांची कमाल तेजस्विता जवळपास ठरलेली असते. त्यामुळे त्यांच्या दिसणाऱ्या तेजावरून त्यांचे अंतर काढता येते आणि ताम्रसृतीवरून, त्यांचा प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट प्रसरण पावले हे समजते. सॉल पर्लमटर यांचा एक गट आणि ब्रायन श्मिट व अॅडम रीस यांचा दुसरा गट अशा दोन स्वतंत्र गटांना दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा अंधुक आढळले. याचा अर्थ ते अपेक्षेपेक्षा दूर आहेत आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग कमी होण्याऐवजी वाढत आहे, असा लावण्यात आला. या शोधासाठी तिघांना २०११ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऋण दाबाची संकल्पना

व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण केवळ वस्तुमानाने निर्माण होत नाही. दाबाचाही त्यात वाटा असतो. विश्वाच्या प्रसरणावर होणारा परिणाम ऊर्जेची घनता आणि दाबाची तिप्पट यांच्या बेरजेवर अवलंबून असतो. ही बेरीज धन असेल तर प्रसरण मंदावते. दाब ऋण असेल आणि त्याचे मान ऊर्जाघनतेच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक असेल, तर ही बेरीज ऋण होते व प्रसरणाला वेग येतो. ऋण दाब म्हणजे ताणलेल्या रबरात असतो तशा प्रकारचा ताण होय.

कृष्णद्रव्याचा दाब जवळजवळ शून्य मानला जातो. विश्वाची लांबी, रुंदी व उंची दुप्पट झाली, की आकारमान आठपट होते आणि द्रव्याची घनता एकअष्टमांश उरते. सरबतात पाणी घालत गेल्यास गोडी कमी होत जाते, तसेच हे आहे. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडलेला विश्वस्थिरांक मात्र याला अपवाद आहे. त्याची घनता प्रसरणाने कमी होत नाही. जणू नव्याने घातलेले पाणी स्वतःची साखर बरोबर घेऊनच येते. आजच्या प्रमाणभूत प्रतिमानात कृष्णऊर्जा म्हणजे हा विश्वस्थिरांकच मानला जातो.

प्रमाणभूत प्रतिमानातील अडचणी

शीत कृष्णद्रव्य आणि विश्वस्थिरांक यांवर आधारलेले प्रमाणभूत प्रतिमान बहुतेक निरीक्षणांशी जुळते. तरीही पर्यायांचा शोध घेण्यास पुढील प्रश्न कारणीभूत झाले आहेत.

पहिला प्रश्न मूल्याचा आहे. रिक्त अवकाशाच्या ऊर्जेचे पुंज सिद्धांतावरून केलेले सरळ अंदाज निरीक्षित मूल्यापेक्षा अतिप्रचंड येतात. दुसरा प्रश्न योगायोगाचा आहे. द्रव्याची घनता सतत घटते आणि विश्वस्थिरांकाची तशीच राहते; असे असताना सुमारे १३८० कोटी वर्षांच्या इतिहासात नेमक्या आजच्या काळात दोन्ही घनता एकमेकींच्या इतक्या जवळ का असाव्यात, हे कळत नाही. दोन्ही घटकांचे मूळ एकच असेल, तर या योगायोगाचे उत्तर मिळण्याची आशा असते. तिसरा प्रश्न कृष्णद्रव्याच्या कणांचा आहे. भूगर्भातील अतिसंवेदनशील उपकरणांनी अनेक वर्षे शोध घेऊनही असा कण निर्विवादपणे सापडलेला नाही.

चौथी अडचण प्रसरणाच्या आजच्या दराविषयी आहे. प्लँक उपग्रहाने मोजलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणावरून आणि प्रमाणभूत प्रतिमानाच्या आधारे हा दर सुमारे ६७.४ किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक येतो. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. सेफिड तारे व अतिनवतारे यांच्या अंतरांवरून रीस व सहकाऱ्यांनी २०२२ साली काढलेला दर मात्र सुमारे ७३ आहे. दोन्ही मोजमापांच्या अंदाजित त्रुटी या फरकापेक्षा बऱ्याच लहान आहेत. या फरकाला ‘हबल विसंगती’ म्हणतात.

पर्यायी प्रतिमानांच्या कसोट्या

कोणत्याही पर्यायी प्रतिमानाला किमान तीन कसोट्यांना उतरावे लागते. पहिली कसोटी प्रसरणाची : अतिनवताऱ्यांची अंतरे व ताम्रसृती यांचा संबंध त्यातून निघाला पाहिजे. दुसरी कसोटी गुच्छनाची : आरंभीच्या अत्यल्प विषमतेतून आज दिसणाऱ्या दीर्घिका व दीर्घिकासमूह तयार झाले पाहिजेत. तिसरी कसोटी पार्श्वभूमी प्रारणाची : त्याच्या तापमानातील सूक्ष्म चढउतारांचा आकृतिबंध प्रतिमानाशी जुळला पाहिजे. पहिली कसोटी अनेक प्रतिमाने पार करतात. पुढील दोन कसोट्यांवर त्यांपैकी बहुतेक अडखळतात.

याचे एक जुने उदाहरण न्यूट्रिनोंचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले रामनाथ कौशिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासह १९७२ साली विश्वाच्या घनतेवरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला वरची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी दोघांनी वस्तुमान असलेले न्यूट्रिनो दीर्घिकासमूहांतील अदृश्य द्रव्य पुरवू शकतील, असे सुचविले. सामान्य द्रव्याखेरीज अन्य कणांचे कृष्णद्रव्य असू शकते, या विचाराच्या आरंभीच्या मांडणींपैकी ही एक होय. न्यूट्रिनोंना वस्तुमान असते हे पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. परंतु वेगवान न्यूट्रिनो लहान आकाराची विषमता पुसून टाकतात. १९८० च्या दशकात संगणकावर केलेल्या प्रतिरूपणांत असे विश्व प्रत्यक्ष विश्वासारखे दिसले नाही. कण खरा असूनही गुच्छनाच्या कसोटीवर तो मुख्य कृष्णद्रव्य म्हणून बाद ठरला.

एकत्रित प्रतिमाने

चाप्लिगिन वायू

रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई चाप्लिगिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वायुगतिकीच्या संदर्भात एक समीकरण वापरले होते. त्यातील वायूचा दाब ऋण असून तो घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे वायू दाट असताना दाब नगण्य असतो आणि वायू विरळ होईल तसा ऋण दाब वाढत जातो. २००१ साली कामेन्श्चिक, मोशेल्ला व पास्क्विए यांनी हे समीकरण विश्वाला लागू केले. त्यातून निघणारे चित्र आकर्षक होते : आरंभीच्या दाट विश्वात हा वायू कृष्णद्रव्यासारखा वागतो आणि प्रसरणाने विरळ झाल्यावर त्याची घनता एका स्थिर मूल्याकडे झुकून तो विश्वस्थिरांकासारखा वागू लागतो. २००२ साली बेन्टो, बेर्टोलामी आणि सेन यांनी त्याचे व्यापक रूप मांडले.

आंदोलित अदिश क्षेत्र

आयुकातील वरुण साहनी यांनी लिमिन वांग यांच्यासह २००० साली आणखी एक मार्ग सुचविला. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी एक संख्या निगडित असेल, तर त्या रचनेला अदिश क्षेत्र म्हणतात. खोलीतील तापमान हे त्याचे परिचित उदाहरण आहे. असे क्षेत्र आपल्या न्यूनतम ऊर्जेच्या स्थितीभोवती लंबकाप्रमाणे आंदोलने करू लागले, तर त्याचा सरासरी दाब आंदोलनांच्या स्वरूपावर ठरतो. योग्य स्वरूप निवडल्यास त्याच चौकटीत वाढत्या प्रसरणाचे कारण मिळते आणि एका नव्या प्रकारचे कृष्णद्रव्यही मिळते. हे कृष्णद्रव्य लहान अंतरांवर एकवटण्यास विरोध करते. दीर्घिकांच्या केंद्रभागी कृष्णद्रव्याची घनता साध्या प्रतिमानांच्या भाकितापेक्षा कमी का दिसते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळू शकेल, असे लेखकांनी दाखविले.

टॅकिऑन क्षेत्र

आयुकातील थाणू पद्मनाभन (१९५७–२०२१) आणि तीर्थंकर रॉय चौधुरी यांनी २००२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकवटलेले कृष्णद्रव्य आणि पसरलेली कृष्णऊर्जा एकाच अदिश क्षेत्रातून उद्भवू शकतील काय, असे त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते. त्यांनी घेतलेले क्षेत्र तंतू सिद्धांतातील टॅकिऑन क्षेत्राच्या स्वरूपाचे होते. अशोक सेन यांच्या संशोधनामुळे त्या काळात या क्षेत्राची बरीच चर्चा चालू होती.

या मांडणीचे वैशिष्ट्य असे, की क्षेत्राचा दाब अंतराच्या मापावर अवलंबून असतो. सुमारे ५०० मेगापार्सेकपेक्षा लहान अंतरांवर ते दाबहीन द्रव्यासारखे वागते, तर १००० मेगापार्सेकपेक्षा मोठ्या अंतरांवर ऋण दाबाच्या ऊर्जेसारखे. दोन्ही घटकांचे मूळ एकच असल्याने त्यांचे प्रमाण आणि प्रसरणाचा वेग यांत एक निश्चित नाते निघते. विश्वाचा आकार काळाच्या ज्या घाताने वाढतो, तो घात या प्रतिमानात पुढीलप्रमाणे येतो :

घात = (२/३) × (१ + कृष्णऊर्जा व कृष्णद्रव्य यांचे गुणोत्तर)

कृष्णऊर्जा नसेल तर गुणोत्तर शून्य होते व घात २/३ उरतो. केवळ द्रव्याने भरलेल्या विश्वासाठी हेच ज्ञात उत्तर आहे. गुणोत्तर सुमारे २ घेतल्यास घातही २ येतो. घात १ पेक्षा अधिक असणे म्हणजे प्रसरणाला वेग येणे, म्हणून हे उत्तर निरीक्षणांशी सुसंगत ठरते. दोन स्वतंत्र घटक मानल्यास असे नाते आपोआप मिळत नाही, हे या मांडणीचे महत्त्व होय. पुढील काळात पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षण हे अवकाशाच्या सूक्ष्म रचनेतून उद्भवते, या विचारावर अधिक भर दिला.

स्थिरवत् स्थिती विश्व

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची भूमिका याहून मूलगामी होती. कोल्हापूर येथे जन्मलेले नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक होते. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली स्थिरवत् स्थिती विश्वाचे प्रतिमान मांडले. या प्रतिमानात एकच आदिम महास्फोट नाही. द्रव्याची निर्मिती लहान लहान स्फोटांतून वेळोवेळी होते. विश्व दीर्घकाळात प्रसरण पावत असतानाच सुमारे ४,००० ते ५,००० कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरणही पावते.

या प्रतिमानात कृष्णद्रव्य हे अज्ञात कणांचे असण्याची गरज नसते. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हलकी अणुकेंद्रके तयार झाली असे मानल्यास, त्यांच्या प्रमाणावरून सामान्य द्रव्याच्या एकूण मात्रेला मर्यादा पडते. महास्फोटच नसेल तर ती मर्यादाही राहत नाही. त्यामुळे पूर्वीच्या आवर्तनांतील विझलेल्या ताऱ्यांचे अवशेष हेच कृष्णद्रव्य, असे म्हणता येते.

दूरच्या अतिनवताऱ्यांच्या अंधुकपणाचे स्पष्टीकरणही या गटाने वेगळ्या रीतीने दिले. रात्री दूरचा दिवा अंधुक दिसतो, तो दूर असल्यामुळे की मध्ये धुके असल्यामुळे, हे केवळ तेजावरून ठरविता येत नाही. साधी आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश अधिक अडविते, त्यामुळे तिच्यामागील तारा लालसर दिसतो. अतिनवताऱ्यांत तसा लालसरपणा आढळला नव्हता. नारळीकर व सहकाऱ्यांनी सुचविलेली धूळ मात्र लोखंडासारख्या धातूंच्या, सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या अतिसूक्ष्म तंतूंची होती. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेल्या धातूंच्या वाफा थंड होताना असे तंतू बनू शकतात. ते दृश्य प्रकाशाच्या सर्व रंगांना जवळपास सारखेच अडवितात आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचे रूपांतर सूक्ष्मतरंगांत करतात. म्हणजे एकाच तंतूंमुळे अतिनवताऱ्यांचा अंधुकपणा आणि पार्श्वभूमी प्रारण ही दोन्ही स्पष्ट व्हावीत, अशी ही योजना होती. तीत वाढत्या वेगाच्या प्रसरणाची गरज राहत नाही.

निरीक्षणांचा कौल

साध्या धुळीच्या स्पष्टीकरणाला २००१ साली धक्का बसला. सुमारे १.७ ताम्रसृतीचा ‘१९९७ एफएफ’ हा अतिनवतारा अशा धुळीमुळे दिसला असता त्यापेक्षा अधिक तेजस्वी आढळला. धुळीमुळे येणारा अंधुकपणा अंतराबरोबर वाढत जायला हवा. विश्वाचे प्रसरण आधी मंदावत असून नंतर वेगवान झाले असेल, तर मात्र असेच दिसणे अपेक्षित आहे. स्थिरवत् स्थिती विश्वासमोरील अधिक कठीण आव्हान पार्श्वभूमी प्रारणाचे होते. डब्ल्यूमॅप व प्लँक उपग्रहांनी त्या प्रारणातील चढउतारांत ठरावीक अंतरांची शिखरे मोजली. आरंभीच्या उष्ण विश्वातील ध्वनिलहरींतून अशी शिखरे निघतात, हे महास्फोटाच्या प्रतिमानाने आधीच वर्तविलेले होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यामुळे प्रमाणभूत प्रतिमान स्वीकारले. नारळीकर मात्र निरीक्षणांना एकाहून अधिक अर्थ असू शकतात आणि पर्यायांची तपासणी चालू राहिली पाहिजे, या मतावर अखेरपर्यंत ठाम होते.

चाप्लिगिन वायूची परीक्षा गुच्छनाच्या कसोटीवर झाली. २००४ साली सँडविक, टेगमार्क, झाल्दारियागा आणि वागा यांनी दाखविले, की या वायूत दाब उत्पन्न होताच ध्वनिलहरीही निर्माण होतात. त्यामुळे दीर्घिकांच्या वितरणात मोठी आंदोलने दिसायला हवीत किंवा विषमता अनावर वाढायला हवी. प्रत्यक्ष वितरणात यांपैकी काहीच आढळत नाही. निरीक्षणांशी जुळवून घ्यायचे तर वायूचे गुणधर्म इतके बदलावे लागतात, की तो प्रमाणभूत प्रतिमानापासून जवळजवळ वेगळा ओळखूच येत नाही. हा आक्षेप टाळण्यासाठी ध्वनिवेग नगण्य राहील अशी एकत्रित प्रतिमाने पुढे मांडली गेली.

कृष्णद्रव्याच्या स्वरूपावर आणखी एक मर्यादा २००६ साली ‘बुलेट’ या दीर्घिकासमूहाच्या अभ्यासाने घातली. तेथे दोन समूहांची टक्कर झाली असून त्यांतील तप्त वायू मागे रेंगाळला आहे. गुरुत्वीय भिंगाच्या परिणामावरून कळणारे बहुतांश वस्तुमान मात्र दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेले आहे. त्यामुळे कृष्णद्रव्याचे कण परस्परांवर फारसे आदळत नाहीत, असा निष्कर्ष निघतो.

सद्यस्थिती

हबल विसंगतीमुळे अपारंपरिक प्रतिमानांना पुन्हा महत्त्व आले आहे. कृष्णद्रव्याच्या काही भागाचा क्षय होऊन प्रारण बनणे, कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा यांच्यात ऊर्जेची देवघेव होणे, तसेच आरंभीच्या विश्वात अल्पकाळ अतिरिक्त ऊर्जा असणे, असे अनेक पर्याय तपासले जात आहेत. प्रसरणाचा दर जुळविताना गुच्छनाचे किंवा पार्श्वभूमी प्रारणाचे गणित बिघडते, ही जुनीच अडचण त्यांच्यापुढेही आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना येथील ‘डेसी’ या उपकरणाने लक्षावधी दीर्घिका व क्वासार यांची अंतरे मोजली आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी, असे संकेत मिळाले. ते पक्के शोध मानण्याइतके सबळ नाहीत. परंतु त्यांना दुजोरा मिळाल्यास विश्वस्थिरांकाची कल्पना अपुरी ठरेल.

प्रसरणाचा दर मोजण्याची एक स्वतंत्र पद्धत गुरुत्वीय लहरींमुळे उपलब्ध झाली आहे. बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ साली ती सुचविली होती. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना निघणाऱ्या लहरींवरून त्यांचे अंतर थेट काढता येते. त्यासाठी सेफिड तारे किंवा अतिनवतारे लागत नाहीत आणि मधल्या धुळीचाही अडथळा होत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदविलेल्या अशा घटनेवरून हा दर सुमारे ७० आला. त्यातील अनिश्चितता मात्र इतकी मोठी होती, की ६७ आणि ७३ ही दोन्ही मूल्ये तिच्या कक्षेत बसतात. अशा अनेक घटनांची नोंद झाल्यावर ही अनिश्चितता कमी होईल.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेचे महत्त्व येथे आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या वेधशाळेच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आयुका ही या प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. अमेरिका व युरोपातील वेधशाळांपासून दूर असलेल्या या ठिकाणामुळे लहरींचा उगम आकाशात नेमका कोठे आहे, हे अधिक अचूकपणे सांगता येईल. त्यावरून उगमाची दीर्घिका ओळखून तिची ताम्रसृती मोजता येते, आणि अंतर व ताम्रसृती या दोहोंवरून प्रसरणाचा दर मिळतो. हबल विसंगती मोजमापातील दोषामुळे आहे की विश्वाच्या अज्ञात घटकांच्या स्वरूपामुळे, या प्रश्नाचा निवाडा करण्यास अशा निरीक्षणांची मदत होईल. विसंगती खरी ठरली, तर अपारंपरिक कृष्णद्रव्याच्या प्रतिमानांपैकी कोणती टिकतात, हे पुन्हा त्याच तीन कसोट्यांवर ठरेल.